धाकट्याची शिंक

नाकात फ्लूची लस फवारून सिस्टरनी हात मागे घेतला न घेतला तोच धाकटा शिंकला. पाच वर्षांच्या देहात एवढा ऐवज मावतो कसा, असा प्रश्न पडावा अशी ती शिंक होती, आणि ती सगळीच्या सगळी बापाच्या शर्टाच्या बाहीवर उतरली. बाप बाहीकडे बघत राहिला. जी वस्तू आत जायची होती ती बाहेर आलेली त्याला स्पष्ट दिसत होती.

"काही होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पोचायची तेवढी पोचते. परत द्यावी लागत नाही." आणि त्यांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

आता, "काही होत नाही" हे वाक्य ऐकून दुसरा कुणीही बाप पोराला उचलून घरी गेला असता. पण हा बाप लिफ्टतपासनीस होता. त्याच्या धंद्यात याच्याइतकं धोक्याचं वाक्य दुसरं नव्हतं. प्रत्येक इमारतीची देखभाल बघणारा त्याला दारातच हे वाक्य ऐकवायचा. लिफ्ट थोडी हिसका देते, पण काही होत नाही. दोर जुना आहे, पण काही होत नाही. तपासनीस कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. लिफ्टमध्ये लोखंडी वजनं भरायची, तिच्या ताकदीपेक्षा चांगली जास्त भरायची, ब्रेक लावून बघायचा, खाली खड्ड्यात उतरून टॉर्च मारायचा आणि मगच सही करायची. जे तपासून पाहिलं नाही ते चालत नाही, असं त्याचं साधं तत्त्व होतं. या तत्त्वापायी त्याच्या हाताखालून गेलेली एकही लिफ्ट कधी पडली नव्हती, आणि या तत्त्वापायीच त्याच्या घरात कुणाला धड बसता येत नव्हतं.

थोरलीला त्याच दिवशी सुई टोचली होती. थंडीत तिला दम लागायचा, त्यामुळे तिला नाकातली लस चालणार नाही, असं दवाखान्यात सांगितलं होतं. थोरली नऊ वर्षांची होती आणि अन्याय ओळखण्यात पटाईत होती. धाकट्याला नुसतं फुस्स आणि आपल्याला सुई, हे तिच्या मनाला फार लागलं होतं.

संध्याकाळी तिचा दंड सुजला, लाल झाला, अंगही थोडं कोमट लागायला लागलं. धाकटा मात्र सोफ्यावरून जमिनीवर आणि जमिनीवरून सोफ्यावर उड्या मारत होता. त्याला ना ताप, ना दुखणं. तपासनीस आळीपाळीने दोघांच्या कपाळाला हात लावून पाहू लागला, आणि जसजसा हात लावत गेला तसतसा त्याच्या जिवाला घोर लागत गेला.

त्यात सासूबाई गुडघ्याच्या उपचारांसाठी महिनाभर येऊन राहिल्या होत्या. औषधाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. दुखल्याशिवाय औषध लागत नाही. थोरलीला दुखतंय म्हणजे तिला लस लागली. धाकट्याचं काही खरं नाही. सासूबाई आणि जावई यांचं आजवर कशावरही एकमत झालेलं नव्हतं, पंख्याच्या वेगावरसुद्धा नाही. पण या बाबतीत झालं. "आई म्हणतात ते बरोबर आहे," असं जावयाच्या तोंडून ऐकून सासूबाईंनाच जरा काळजी वाटली.

तपासनिसाची बायको न्यायालयात लघुलेखिका होती. दिवसभर लोकांची लांबलचक बोलणी उतरवून घ्यायची, त्यामुळे घरी ती शब्द जपून वापरी. नवऱ्याने शिंकेचं साद्यंत वर्णन केलं, बाही दाखवली, दंड दाखवला, सोफा दाखवला. तिने सगळं ऐकलं.

"सिस्टर काय म्हणाल्या?"

"काही होत नाही म्हणाल्या."

"मग झालं तर," असं म्हणून ती भाजी चिरायला गेली.

पण व्हायचं ते सगळं पुढेच होतं. तपासनिसाच्या पायाला भिंगरी लागली. तो दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून परत, अशा फेऱ्या घालू लागला. फेऱ्या घालता घालता तो मोठ्याने विचार करी, आणि धाकटा सोफ्याच्या पाठीमागून ऐकत असे. लस पुन्हा द्यावी लागली तर काय करायचं? या खेपेला सुईच घेतलेली बरी, म्हणजे बाहेर यायची भानगड नको. शेवटी तो धाकट्यापुढे उकिडवा बसला आणि त्याला म्हणाला, "हे बघ राजा, आता काही दिवस शिंकायचं नाही. आहे ती तरी आत राहू दे."

धाकट्याने मान हलवली. तो सांगितलेलं मनावर घेणारा मुलगा होता.

मग थोरलीने आपला हिशेब चुकता केला. तिने बाबाच्या मोबाइलवर वाचून काढलं होतं, की सुईच्या लशीत विषाणूचे नुसते मेलेले तुकडे असतात, पण नाकातल्या लशीत जिवंत विषाणू असतात. अशक्त करून ठेवलेले. आजार देण्याइतकं बळ त्यांच्यात नसतं, पण असतात जिवंत. दुखरा हात उशीवर टेकवून तिने ही माहिती भावाला शांतपणे पुरवली. तो रडेल असा तिचा अंदाज होता.

धाकटा रडला नाही. थोडा वेळ विचार करून त्याने विचारलं, "त्यांना अशक्त कुणी केलं?"

"शास्त्रज्ञांनी."

"का पण?"

याचं उत्तर थोरलीकडे होतं, पण ते ऐकायला धाकटा थांबला नाही. तो नाकावर हात ठेवून आत निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तपासनिसाने दवाखान्यात फोन लावायला सुरुवात केली. शिंक लगेच आली तर किती लस उरते? शिंक मोठी असेल तर? बाहीवर पडलेला डाग आणून दाखवला तर काही अंदाज येईल का? फोन घेणारी मुलगी पहिल्यांदा सिस्टरना विचारून यायची, मग न विचारताच उत्तर द्यायला लागली, आणि पुढेपुढे तर त्याने "हॅलो" म्हणताच "बाहीवाले का?" असं विचारू लागली. उत्तर दर वेळी तेच. त्याने तपासनिसाचं समाधान होईना. उलट एकच गोष्ट कुणी पुन्हा पुन्हा शांतपणे सांगायला लागलं की ती त्याला जास्तच संशयास्पद वाटे.

कामावरही त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टची परीक्षा चालू असताना तो वजनं भरून बाहेर यायच्या ऐवजी आतच उभा राहून दवाखान्याशी बोलत राहिला. मदतनिसाला वाटलं साहेब उतरले. त्याने लिफ्ट सोडली. लिफ्टमध्ये आधीच ताकदीबाहेर वजन, त्यात साहेबांचं सव्वा माणसाचं. ब्रेकने आपलं काम चोख केलं आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध जाऊन थांबली. तपासनिसाला शिडी लावून बाहेर काढावं लागलं. सगळी कचेरी जिन्यात उभी राहून बघत होती. लिफ्ट उत्तीर्ण झाल्याचं त्याने खाली येऊन जाहीर केलं, पण ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही भरवसा दिसला नाही.

त्याच दिवशी तो मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन बसला. बाई वयस्क होत्या. काळजी करणारे बाप पाहून पाहून त्यांचे केस पांढरे झाले होते. तपासनिसाचं म्हणणं सरळ होतं. धाकट्याचं रक्त तपासा आणि लस लागली की नाही ते सांगा.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी सांगितलं, की रक्त तपासून त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. सुईची लस दंडातून जाते, तिचे पहारेकरी, म्हणजे आजाराला अडवणारी प्रतिपिंडं, मुख्यतः रक्तात तयार होतात. नाकातल्या लशीने रक्तात थोडे होतात, पण बरेचसे नाकातच, जिथून आजार आत शिरतो तिथेच, तयार होऊन बसतात. मुलाच्या अंगाला आधी कुठकुठला फ्लू भेटलाय त्यावरही सगळं ठरतं. एकाच घरातली दोन मुलं एकाच लशीला दोन तऱ्हांनी उत्तर देतात, आणि यांना तर लशीही दोन दिल्यात.

"म्हणजे रक्तात कमी दिसले तरी लस लागलेली असू शकते?"

"असू शकते."

"आणि दंड दुखला म्हणजे लागलीच, असंही नाही?"

"नाही. दुखणं हे दुखणं असतं. ती काय पावती नव्हे."

तपासनीस खुर्चीच्या कडेवर सरकला. "मग नाक तपासा."

बाई म्हणाल्या की तसं तपासतात, पण संशोधनासाठी, शेकडो मुलांचं मिळून. एकट्या मुलाचं नाक तपासून याला फ्लू होणार की नाही हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

"मग कळणार कसं?"

"नाही कळणार," बाई म्हणाल्या. "घरी जा."

एखादी गोष्ट कळणार नाही, हे इतक्या सहजपणे त्याला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तो घरी गेला, पण सगळ्या बोलण्यातून त्याने स्वतःच्या सोयीचा तेवढा भाग उचलला. पहारेकरी नाकात बसतात. म्हणजे पाहायचं ते नाकातच. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टच्या खड्ड्यात मारायचा टॉर्च घेऊन तो धाकट्यापुढे बसला आणि त्याने मुलाच्या दोन्ही नाकपुड्या तपासल्या. काय शोधतोय हे त्यालाही माहीत नव्हतं. पण तपासून झाल्यावर त्याला बरं वाटलं. मग हा रोजचाच परिपाठ झाला. दात घासून झाले की टॉर्च.

"शिंकलास काय रे काल?"

धाकटा मान हलवून नाही म्हणायचा.

"शाळेतसुद्धा नाही?"

शाळेतसुद्धा नाही. तपासनिसाला पोराचं कौतुक वाटायचं. सासूबाई हे सगळं बघत असत. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन विचारलं, की यांचं हे किती दिवस चालणार. लेक म्हणाली, "टॉर्चचे सेल संपेपर्यंत." आणि त्याच दिवशी तपासनिसाने सेलचं नवीन पाकीट आणलं.

मग शाळेतून फोन आला. वर्गशिक्षिका बोलत होत्या. आवाज शांत ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. त्यांनी फोनवर जास्त काही सांगितलं नाही. जमलं तर आत्ताच या, एवढंच म्हणाल्या. तपासनिसाच्या डोळ्यांपुढे धाकटा तापाने फणफणलेला दिसायला लागला. तो अर्धी तपासलेली लिफ्ट तशीच बंद करून धावत सुटला.

धाकटा ठणठणीत होता. खिडकीजवळ बसून चित्र रंगवत होता. पण बाकीच्या वर्गाची अवस्था बघवत नव्हती. सर्दीचे दिवस होते. ज्या ज्या मुलांनी नाकातली लस घेतली होती त्यांची नाकं वाहत होती आणि एकही पोर ती पुसू देत नव्हतं. काहींनी मुठीत नाक गच्च धरलं होतं. एक मुलगी मान वर करून, छताकडे बघत बेरजा करत होती. बाकावरचा एक मुलगा शिंक दाबण्याच्या खटपटीत लालबुंद झाला होता, आणि शेजारचे त्याला धीर देत होते.

वर्गशिक्षिकांनी सांगितलं, की त्यांनी रुमाल पुढे केला की मुलं किंचाळतात. शिंकलं तर आतले अशक्त बिचारे बाहेर पडून मरतील आणि मग प्रत्येकाला सुई टोचतील, असं सगळ्या वर्गाला पक्कं ठाऊक झालं आहे. हे कुठून आलं याचा शोध घेतला तेव्हा सगळी बोटं खिडकीकडे वळली. आणि खिडकीतल्या साहेबांनी सांगितलं, की हे बाबाने सांगितलंय, आणि बाबा रोज टॉर्चने तपासतो.

तपासनिसाने खाली बघितलं. बाई पुढे म्हणाल्या की पालकांचे फोन घेऊन घेऊन त्यांच्या नाकी नऊ आले आहेत, तेव्हा ज्याने बांधलं त्यानेच आता सोडावं.

"गंमत म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलाचं स्वतःचं नाक मात्र एकदम स्वच्छ असतं. सगळ्या वर्गात त्याचं एकट्याचं."

हे ऐकताच तपासनिसाला, प्रसंग काय आणि आपण कुठे उभे आहोत हे विसरून, आनंद झाला. वर्गभर सर्दी आणि धाकट्याचं नाक कोरडं. म्हणजे लागली. पहारेकरी कामावर आहेत. इतक्या दिवसांनी त्याला हवा होता तसा पुरावा मिळाला होता. त्याच आनंदात तो फळ्यापुढे जाऊन उभा राहिला.

तिथे मात्र त्याचं अवसान गळालं. एवढी ओली नाकं एकदम आपल्याकडे वळलेली त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सांगायला सुरुवात केली. नाकात आलेल्या अशक्त विषाणूंना बघून आपल्या अंगातले पहारेकरी सावध होतात, त्यांची ओळख पटवून घेतात आणि तिथेच बसतात. ओळख झाली की विषाणूंचं काम संपलं. ते थोड्याच दिवसांत निघून जातात. शिंकेने पहारेकरी पडत नाहीत.

छताकडे बघणाऱ्या मुलीने मान न हलवता विचारलं, "आणि लगेच शिंकलं तर?"

तपासनीस थांबला. मुलं थांबली. वर्गशिक्षिकाही हातात रुमालांचा गठ्ठा घेऊन थांबल्या. त्याला बाही आठवली. दवाखान्यातली फोनवरची मुलगी आठवली. पण लालबुंद झालेला मुलगा आता जांभळा व्हायला लागला होता आणि वेळ नव्हता.

"लगेच शिंकलं तरी पोचायची तेवढी पोचते," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "काही होत नाही."

जांभळ्या मुलाने आणखी काही ऐकायची वाट पाहिली नाही. तो शिंकला, आणि त्याच्या मागोमाग वर्ग शिंकला. किती दिवसांचं साठलेलं होतं कोण जाणे. ज्यांना शिंक आली नाही त्यांनी नाक शिंकरलं. वर्गशिक्षिका रुमाल वाटत बाकांमधून धावत होत्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा माणसात आल्यासारखा दिसत होता.

शाळा सुटायची वेळ झालीच होती, म्हणून तपासनीस धाकट्याला घेऊन निघाला. तो खुशीत होता. आज त्याची पावलंही नेहमीसारखी पळत नव्हती. कोपऱ्यावरच्या चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानापाशी धाकटा रेंगाळला. आतलं यंत्र करकर आवाज करत चावी घासत होतं. तपासनीसही थांबला. थोडा वेळ दोघं बघत राहिले.

"बाबा, ते खरंच पडत नाहीत? पहारेकरी?"

"नाही पडत."

"कितीही शिंकलं तरी?"

"कितीही."

धाकट्याने एक मोठा निःश्वास सोडला. पाच वर्षांच्या मुलाने सोडावा त्यापेक्षा तो बराच मोठा होता. "मग सांगू का? मी रोज शिंकतो."

यंत्र करकरत होतं. तपासनिसाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्याने वाकून पुन्हा विचारलं. धाकट्याने पुन्हा सांगितलं. पहिल्या दिवशी संध्याकाळीच तो शिंकला होता, आजीच्या खोलीतल्या कपाटात शिरून. शाळेत शिंक यायला लागली की तो बाईंना विचारून बाथरूममध्ये जायचा, दार लावून शिंकायचा, नाक स्वच्छ धुऊन परत यायचा. सर्दी त्यालाही होती. वर्गातल्या सगळ्यांपेक्षा थोडी जास्तच. सकाळी टॉर्चच्या आधी तर तो दोनदा नाक धुवायचा.

"मग मुलांना कशाला सांगितलंस शिंकू नका म्हणून?"

"ते तू सांगितलेलं ना. ते खरं होतं. मला जमत नव्हतं फक्त."

तपासनीस पदपथाच्या कडेवर बसला. असा रस्त्यात कुठेही बसणारा तो माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे रोजची सकाळ आली, ते पोर समोर मान वर करून उभं, दोन्ही नाकपुड्या लख्ख, आणि आपण आत टॉर्च मारून समाधानाने मान डोलावतोय.

"सुईची भीती वाटली का रे?" त्याने विचारलं.

धाकट्याने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "थोडी वाटली. पण तू फेऱ्या मारतोस ना. आई म्हणाली, त्याला सांगू नकोस, तो परत फेऱ्या मारेल."

"आईला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. आजीला पण. तीच कपाट उघडून देते."

तपासनिसाकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते नेमकं कुणाला सुनवायचं हे त्याला ठरवता येईना. दुकानदाराने घासलेली चावी फुंकली आणि पितळेचा बारीक भुगा उन्हात उडाला. तपासनिसाच्या नाकात काहीतरी हुळहुळलं. सकाळपासून त्याचा घसाही जरा खवखवत होता, पण तिकडे लक्ष द्यायला सवड मिळाली नव्हती. त्याने सवयीने नाकावर हात धरला आणि श्वास रोखला. डोळ्यांत पाणी आलं.

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं, खिशातून स्वतःचा रुमाल काढला, झटकला आणि बापाच्या हातात दिला.

"शिंक," तो म्हणाला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकून बापाला अगदी खेटून उभा राहिला. "मी नाही कुणाला सांगणार."